आधी वाट, मग ओझे, मग चाके, गाडी शेवटी

शाळांची जुलैतील सुटी जवळ आली की आपल्या बेने इस्राएल घरांतून एक प्रश्न दरवर्षी हमखास ऐकू येतो : "यंदा आउटबॅकमध्ये जावे म्हणतो, कोणती फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यावी?" एके काळी हा प्रश्न केवळ तरुण मंडळी विचारीत. आता आजी-आजोबाही विचारू लागले आहेत. कारण नातवंडांच्या शेजारी बसून मध्य ऑस्ट्रेलियाची तांबडी माती एकदा डोळ्यांनी पाहावी, अशी हौस त्यांनाही वाटते. ही हौस आम्हांस योग्यच वाटते. ज्या देशात आपण घर केले, तो देश म्हणजे समुद्रकाठची चार-पाच शहरे नव्हेत. त्याच्या पोटातला मुलूख पाहिल्यावाचून त्याची ओळख पुरी होत नाही.

परंतु हा प्रश्न ज्या क्रमाने विचारला जातो, त्या क्रमाविषयी आमची तक्रार आहे. प्रथम गाडी ठरते. मग तिच्यावर शोभेची व उपयोगाची साधने चढतात. मग सामान भरले जाते. आणि टायर मात्र विकणाऱ्याने जे लावून दिले तेच राहतात. कोणत्या वाटेने जावयाचे, हे तर पुष्कळदा अगदी शेवटी ठरते. आमच्या मते हा सारा क्रम उलटा करावयास हवा. आधी वाट, मग ओझे, मग चाके आणि सर्वांत शेवटी गाडी, या क्रमाने जो विचार करील त्याचे पैसे वाचतील. आणि पैशांहून मोलाचे जे आहे, तेही सुखरूप राहील.

पैशांहून मोलाचे म्हणजे काय, हे स्पष्ट सांगितलेले बरे. १९६३ च्या डिसेंबरात इंग्लंडहून या देशी आलेले पाच जणांचे एक कुटुंब बर्ड्सव्हिल ट्रॅकवर वाट चुकले. पेट्रोल संपले, पाणी अपुरे होते; गाडी सोडून ती माणसे पायी निघाली आणि आईबापांसह तिन्ही मुलगे दगावले. तेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले, या मुलखाच्या उन्हाची पुरती सवय नसलेले लोक होते. आज त्या वाटेवर रहदारी वाढली आहे, उपग्रहाद्वारे बोलणारे फोन आले आहेत. पण ऊन तेच आहे आणि अंतरही तेच आहे.

कराचीचे उंट आणि लाकडी टेबल

ओझ्याच्या बाबतीत हा मुलूख किती कठोर परीक्षक आहे, याचा दाखला फार जुना आहे. १८६० च्या ऑगस्टमध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून उत्तर किनाऱ्याच्या शोधात निघाली. तिच्यासाठी उंट आणले होते ते कराची बंदरातून. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. पुढे आपल्या समाजातील अनेक घरे नोकरीनिमित्त तेथे नांदली आणि १८९३ साली तेथे मागेन शालोम हे प्रार्थनालय उभे राहिले, हे वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. उंटांबरोबर उंटवालेही आले. त्यांच्यामागून आलेल्या उंटवाल्यांनीच पुढे कित्येक दशके या अंतर्भागातील वस्त्यांना पीठ, साखर व तारेची भेंडोळी पोहोचविली आणि परतताना लोकर वाहून आणली. म्हणजे आपल्या बाजूच्या माणसांनी हा मुलूख पाहिला, तो मोटार जन्मण्याच्या आधी.

त्या मोहिमेने सुमारे वीस टन सामान बरोबर घेतले होते. त्यात जड लाकडी टेबल होते, खुर्च्या होत्या, आकाशात सोडावयाचे अग्निबाण होते आणि एक चिनी घंटाही होती. मेलबर्नची वेस ओलांडण्यापूर्वीच गाडे मोडू लागले. पुढे वाटेत ठिकठिकाणी सामान टाकावे लागले. वेळ गेला, जनावरे थकली. १८६१ च्या हिवाळ्यात बर्क व विल्स कूपर क्रीकच्या काठी मरण पावले. किंग नावाचा त्यांचा सोबती तेवढा वाचला, तो त्या भागातील मूळच्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला जेवू-खाऊ घातले म्हणून. त्यांच्या नाशाचे ओझे हे एकच कारण होते असे नव्हे; पण पहिले पाऊल तेथे चुकले, यात शंका नाही. आजच्या गाड्यांच्या टपावर जे रचले जाते ते पाहिले की आम्हांस ते लाकडी टेबल आठवते.

वाट

आउटबॅकच्या वाटांचे आम्ही तीन वर्ग करतो. पहिला वर्ग डांबरी रस्त्यांचा. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे १९८७ साली अखेरपर्यंत डांबरी झाला. उलुरू, काटा-जुटा आणि किंग्ज कॅन्यन या तिन्ही ठिकाणी डांबरी रस्त्याने जाता येते. ज्यांस एवढेच पाहावयाचे आहे त्यांस फोर-व्हील-ड्राइव्हची मुळीच आवश्यकता नाही. दारात उभी असलेली साधी गाडी नीट तपासून, तिला चांगले टायर घालून निघावे. हजारो डॉलर येथेच वाचतात.

दुसरा वर्ग खडीच्या व मातीच्या रस्त्यांचा. मरी ते बर्ड्सव्हिल हा ५१७ किलोमीटरचा ट्रॅक आणि मरीहून ऊडनाडाटावरून मार्लापर्यंत जाणारा सुमारे ६२० किलोमीटरचा ऊडनाडाटा ट्रॅक, ही याची ठळक उदाहरणे. कोरड्या ऋतूत हे रस्ते बहुधा बरे असतात. परंतु त्यांच्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उठतात, धारदार दगड असतात, आणि पिठासारख्या धुळीखाली खड्डे दडलेले असतात. पाऊस पडला की रस्ता बंद होतो आणि बंद रस्त्यावर गाडी घालणारास दंड होतो. येथे जमिनीपासून उंच असलेली गाडी हवी, आणि गाडीपेक्षाही टायर चांगले हवेत.

तिसरा वर्ग वाळूचा. सिम्पसन वाळवंटात अकराशेंहून अधिक वाळूच्या टेकड्या एकमेकींस समांतर पसरल्या आहेत; बर्ड्सव्हिलजवळची 'बिग रेड' ही सुमारे ४० मीटर उंच आहे. माउंट डेअरपासून बर्ड्सव्हिलपर्यंत जवळजवळ ५०० किलोमीटर इंधन मिळत नाही. उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत, हे वाळवंट प्रवाशांस बंद असते. पहिल्याच सुटीत, एकट्या गाडीने, मुलेबाळे घेऊन या वर्गात उतरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन वर्षे दुसऱ्या वर्गात काढावीत. मग जाणत्या सोबत्यांसह, निदान दोन गाड्यांनी जावे.

आपली वाट कोणत्या वर्गातील, हे प्रामाणिकपणे ठरविले की निम्मे काम झाले. आमच्या ओळखीतील बहुतेक कुटुंबांची वाट दुसऱ्या वर्गातील असते. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

ओझे

प्रत्येक गाडीस जास्तीत जास्त एकूण वजनाची मर्यादा असते. ती गाडीवरील पट्टीवर व पुस्तिकेत छापलेली असते. येथे तिला जीव्हीएम म्हणतात. तीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ते तिला वाहता येणारे ओझे. रिकाम्या गाडीचे वजन मात्र कोणते धरले आहे ते पाहावे. 'टेअर' वजनात केवळ दहा लिटर इंधन धरलेले असते. 'कर्ब' वजनात टाकी भरलेली असते. ऐंशी-शंभर लिटरच्या टाकीत हा फरक साठ-सत्तर किलोंचा होतो. मोठ्या स्टेशनवॅगन जातीच्या गाड्यांत वाहावयाची शक्ती सुमारे ६०० ते ७५० किलो असते. चार दारांच्या ट्रकसारख्या, म्हणजे येथे ज्यांस 'यूट' म्हणतात त्या गाड्यांत ती साधारणतः एक टनाच्या आसपास असते.

सातवीतल्या मुलासही करता येईल अशी वजाबाकी करून पाहू. कल्पनेतील एक गाडी घेऊ : मर्यादा ३,१०० किलो, भरल्या टाकीसह वजन २,४२० किलो, म्हणजे ओझ्यास उरले ६८०. आईवडील, आजी व दोन मुले, सारी मिळून ३०० किलो. पुढचा पोलादी बुल-बार ६०. टपावरचे रॅक ३५. दुसरी स्टेपनी ४०. फ्रिज आणि त्याच्यासाठी दुसरी बॅटरी ७०. साठ लिटर पाणी ६०. डब्यांतले जादा डिझेल ४०. तंबू व अंथरुणे ६०. शिधा व भांडी ४५. जॅक, पाने, हवेचा पंप, फावडे, ओढदोर ४०. कपडेलत्ते ४०. बेरीज ७९०. म्हणजे कोणी चैनीची वस्तू घेतलेली नसताना गाडी ११० किलोंनी जास्त भरली! मागे कॅराव्हॅन जोडली असेल तर तिचा जो भार आकड्यावर पडतो, बहुधा तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, तोही याच हिशेबात येतो.

जास्त भरलेली गाडी बेकायदेशीर असते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे एक. दुसरे असे की, वळ्यांच्या रस्त्यावर त्या जादा ओझ्याचा हिसका दिवसभर स्प्रिंगांस, आसास आणि सर्वांत अधिक टायरांस बसतो. आपल्याकडे म्हण आहे, 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा'. येथे एकेक नळा असा गाड्यावर चढतो आणि शेवटी गाडाच बसतो.

मग काय वगळावे? आजी, पाणी आणि दुसरी स्टेपनी ही वगळावयाची नव्हेत. बुल-बार कांगारूंसाठी असतो. पण कांगारू मुख्यतः संध्याकाळी, रात्री व पहाटे रस्त्यावर येतात. उन्हे कलण्यापूर्वी जो मुक्कामास पोहोचतो त्यास बुल-बारची गरज फारशी उरत नाही. फ्रिजचा प्रश्न कोशेर मांसासाठी निघतो, कारण शहर सोडल्यावर ते मिळत नाही. पण पंधरा दिवस मांसावाचून राहणे आपल्या कोणत्याच आजीस जड गेलेले नाही. डाळ, तांदूळ, पोहे, गूळ, सुके खोबरे हा शिधा बर्फ मागत नाही. मलिद्याचेही अर्धे सामान त्यातच आले. बुल-बार आणि फ्रिज-बॅटरी ही दोन ओझी उतरविली की १३० किलो कमी झाले आणि आपली काल्पनिक गाडी ६६० वर येऊन मर्यादेत बसली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते असे. बेत पक्का झाल्यावर मात्र कागदावर विसंबू नये. सर्व माणसांसह भरलेली गाडी एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन पाहावी.

टपावर ठेवावयाचे ते हलके असावे. टपाची मर्यादा रॅकसह शंभर किलोंच्या आसपास असते, आणि खडबडीत वाटेसाठी रॅक बनविणारे ती आणखी कमी धरतात. भरलेले पाण्याचे डबे टपावर चढविणे म्हणजे गाडीस उलटण्याचे निमंत्रण देणे होय. यूटच्या बाबतीत जड वस्तू मागच्या आसाच्या पुढे ठेवाव्यात. आसाच्या मागे लोंबणाऱ्या ओझ्याने चासी वाकल्याची उदाहरणे या देशात अनेक आहेत.

चाके

कोकणात आपले पूर्वज 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. त्या काळातील गाडीवान गाडी भरण्यापूर्वी चाकाची लोखंडी धाव पाही. ती सैल असेल तर बैल कितीही चांगले असले तरी गाडी निघत नसे. टायर ही आजची धाव आहे. गाडीचा आणि पृथ्वीचा संबंध चार तळहातांएवढ्या रबराने जोडलेला असतो. बाकी सारे यंत्र त्याच्या वर आहे.

टायराच्या कडेवर जे लिहिलेले असते ते वाचावयास शिकावे. समजा, '२६५/६५ आर १७ ११२ एस' असे आहे. २६५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास, इंचांत. ११२ हा ओझ्याचा अंक. त्याचा अर्थ एका टायरास १,१२० किलो पेलतात. 'एस' हे वेगाचे अक्षर, ताशी १८० किलोमीटरचे. आता याच रुंदीचा '२६५/५० आर २०' पाहा : बाजूची भिंत केवळ १३२ मिलिमीटर. नव्या गाड्यांस दिमाखासाठी वीस इंची रिम देतात. पण दगडावर चढताना दबावयास, वाळूत पसरावयास आणि रिम वाचवावयास जी रबराची भिंत हवी, ती तिथे चाळीस मिलिमीटरने कमी झालेली असते. एकच गाडी सतरा व वीस इंची चाकांत मिळत असेल तर आउटबॅकसाठी सतरा इंची घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते.

मापाइतकीच जात महत्त्वाची. अंकांच्या आधी 'एलटी' ही अक्षरे असली म्हणजे टायर हलक्या ट्रकच्या बांधणीचा असतो. त्याच्या भिंती जाड व ओझ्याचा अंक मोठा असतो. वरच्याच मापाचा एलटी टायर बहुधा १२० अंकाचा, म्हणजे १,४०० किलो पेलणारा मिळतो. तो थोडा जड असतो, डांबरावर थोडा अधिक आवाज करतो, इंधनही किंचित अधिक खातो; पण खडीच्या रस्त्यावर तोच शोभतो. नक्षीचे तीन प्रकार आहेत. 'हायवे टेरेन' डांबरासाठी. 'ऑल टेरेन' दोन्हींसाठी. 'मड टेरेन' चिखल व खडकांसाठी. सिडनी-मेलबर्नहून निघालेल्या कुटुंबाचा निम्म्याहून अधिक प्रवास डांबरावरच होतो; म्हणून एलटी बांधणीचा ऑल टेरेन हाच मध्यम व शहाणपणाचा मार्ग होय. मड टेरेन भारदस्त दिसतो. पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते आणि त्याचा गुणगुणाट हजारो किलोमीटर कानांशी चालतो.

आणखी तीन गोष्टी. कडेवरच्या लंबगोलातील शेवटचे चार अंक टायराचे वय सांगतात : '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी सहा वर्षांहून जुना टायर या प्रवासास घेऊ नये. स्टेपनीचे वय तर आवर्जून पाहावे, कारण ती वापरली जात नाही पण म्हातारी होत असते. कायद्याने नक्षीची खोली दीड मिलिमीटर पुरते. परंतु निम्मी झिजलेली नक्षी दगड लवकर आत घेते, म्हणून अशा टायरांवर निघू नये. तिसरी गोष्ट मापाची : पाचही चाके एकाच मापाची असावीत आणि ते माप आडगावच्या दुकानात मिळणारे असावे. दुर्मीळ मापाचा टायर फाटला तर तो ट्रकने येईपर्यंत आठवडा जातो. काही गाड्यांत स्टेपनी म्हणून एक बारीक, तात्पुरते चाक दिलेले असते. ते या मुलखात निरुपयोगी आहे. दुसऱ्या वर्गाच्या लांब वाटांवर दोन पूर्ण स्टेपन्या न्याव्यात.

हवा

उत्तम टायर घेऊनही ज्यांचे चार-चार टायर फुटले अशा मंडळींची चौकशी केली, तर बहुधा दोन दोष आढळतात : हवा फार आणि वेग फार. डांबरावर भरलेल्या गाडीस ३६ ते ४० पौंड दाब योग्य असतो. तोच दाब खडीवर ठेवला तर टायर दगडावर टणक राहतो आणि दगड आत शिरतो. हवा २८ पौंडांच्या आसपास आणली की रबर दगडाभोवती दबते, वळ्यांचा हिसकाही कमी बसतो. मऊ वाळूत १६ ते १८ पौंडांपर्यंत उतरावे लागते. तेव्हा टायराचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत वाढतो आणि गाडी रुतण्याऐवजी तरंगते. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. ओझ्याप्रमाणे ते दोन-चार पौंड पुढे-मागे होतात.

मात्र हवा कमी केली की वेगही कमी केलाच पाहिजे. मऊ टायर वेगाने पळविला की त्याची भिंत तापते आणि आतून विरते. खडीवर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये, वाळूत ४० च्या आत राहावे, आणि डांबरावर परत येताच पंपाने हवा भरावी. हवा बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. सकाळी थंड टायराचा दाब मोजून लिहून ठेवावा. तासभर चालविल्यावर पुन्हा मोजावा. साध्या टायरात दाब चार पौंडांनी आणि एलटी टायरात सहा पौंडांनी वाढला तर ठीक. त्याहून अधिक वाढला तर टायर फार तापतो आहे : हवा कमी आहे, किंवा वेग अधिक, किंवा ओझे. कमी वाढला तर हवा जास्त आहे. हे काम मागच्या बाकावरील मुलाकडे वही-पेन्सिलीसह सोपवावे. गणिताचा असा धडा वर्गात देता येत नाही.

यासाठी लागणारी साधने थोडी आहेत : दाब मोजण्याचे चांगले यंत्र, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि भोक बुजविण्याचा दोऱ्यांचा संच. हे सारे मिळून बुल-बारच्या किमतीचा लहानसा अंशही होत नाही.

गाडी

आता कोठे गाडीची पाळी आली. इतका विचार केल्यावर ती निवडणे अवघड नाही. दुसऱ्या वर्गाच्या वाटेस जमिनीपासून पुरेशी उंची, एलटी टायर बसतील अशी चाके, पूर्ण मापाची स्टेपनी आणि हिशेबात बसणारी ओझ्याची मर्यादा, एवढे पुरते. तिसऱ्या वर्गाच्या वाटेस यांखेरीज 'लो रेंज' हवी. म्हणजे तो दुसरा गिअर, ज्याने चाके दोन-अडीच पटींनी सावकाश पण तितक्याच अधिक जोराने फिरतात. 'ऑल-व्हील-ड्राइव्ह' म्हणून विकल्या जाणाऱ्या शहरी गाड्यांत बहुधा ती नसते. ज्या गाडीत चारही चाकांचे बल हाताने जोडावे लागते, ती कोरड्या डांबरावर जोडलेली चालवू नये, एवढे पथ्य चालविणाऱ्याने लक्षात ठेवावे.

नावाविषयी वाद पुष्कळ होतात. लँड रोव्हर १९४८ साली बाजारात आली. टोयोटाची लँड क्रूझर या देशात रुजली ती स्नोई माउंटन्सच्या धरणांच्या कामावर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लेस्ली थीस यांच्या कंपनीने ती आणली. तेव्हापासून आडगावच्या गॅरेजांत तिचे सुटे भाग व तिला ओळखणारे हात मिळत आले, हे तिच्या कीर्तीचे खरे मर्म आहे. तेव्हा नाव न पाहता आपण पाहावे ते हे की, ज्या गावांवरून आपण जाणार तेथे या गाडीचा पट्टा, पंप आणि फिल्टर मिळेल काय. इंधनाचाही विचार करावा. डिझेल जवळजवळ सर्वत्र मिळते. अनेक आदिवासी वस्त्यांत साध्या पेट्रोलऐवजी २००५ पासून सुरू झालेले ॲरोमॅटिक घटक कमी असलेले 'ओपल' मिळते. ते ९१ ऑक्टेनचे असते, म्हणून ज्या गाडीस ९५ च लागते तिने तेथे जपून राहावे.

आयुष्यात एकदाच जावयाचे असेल तर गाडी भाड्याने घ्यावी. मात्र करारात कोणत्या रस्त्यांस मनाई आहे आणि टायराचे नुकसान कोणाच्या माथी आहे, ते सही करण्यापूर्वी वाचावे. दरवर्षी जावयाचे असेल तर पाच-सहा वर्षांची, नीट राखलेली गाडी घेऊन उरलेल्या पैशांतून पाच नवे टायर घ्यावेत. नवी कोरी, हप्त्यांची गाडी आणि जुने टायर, ही सर्वांत वाईट जोडी होय. नाव मोठे, लक्षण खोटे, असे तिच्याविषयी म्हणावे लागते.

शब्बाथचा मुक्काम

शेवटी एक गोष्ट, जी गाड्यांच्या मासिकांत सापडणार नाही. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत मुक्कामास पोहोचून रविवारी सकाळपर्यंत गाडी न हलविण्याचा नेम करावा, आणि प्रवासाचे दिवस त्याच हिशेबाने मोजावेत. शब्बाथ पाळला जातो हे तर खरेच. पण त्या नेमाने प्रवासाची सारी घाई निघून जाते. ज्याला 'आज अमुक गाव गाठलेच पाहिजे' असे नसते, तो खडीवर शंभराच्या वेगाने जात नाही, तिन्हीसांजेस कांगारूंत शिरत नाही, आणि बंद रस्त्यावर गाडी घालण्याचा मोह त्यास होत नाही. आपल्या पूर्वजांनी शनिवारी घाणा थांबविला. त्यांच्या नातवंडांनी चाके थांबवावीत, यात अवघड काय आहे?

दोन नियम मात्र घरातील प्रत्येकास, लहान मुलांसही, निघण्यापूर्वी पाठ करवावेत. माणशी दिवसाला निदान पाच लिटर, उन्हाच्या दिवसांत दहा लिटर पाणी नेहमी गाडीत असावे. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडू नये. वरून शोधणाऱ्यास गाडी दिसते, चालणारे माणूस दिसत नाही. गाडीस सावली असते, वाळवंटास नसते. संकटाचा संदेश देणारे लहानसे यंत्र आता खिशात मावते. ते बरोबर न्यावे, आणि आपली वाट व परतीचा दिवस घरी कोणास तरी लिहून द्यावा.

आपले पूर्वज चाळीस वर्षे रानात फिरले आणि त्यांच्या पायांतील पायताणे झिजली नाहीत, असे आपले शास्त्र सांगते. आपल्या टायरांस तो वर मिळालेला नाही. त्यांची काळजी आपणच घ्यावयाची आहे. निघताना प्रवासाची प्रार्थना म्हणावी, एलियाहू हनाबीचे स्मरण करावे. आणि मग खाली वाकून पाचही चाकांची हवा मोजावी.

सर्व प्रवाशांस शालोम.